बालवाडीचे माजी विद्यार्थी

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव वाचून माझा भाचा पोट धरून हसला. ‘बालवाडी माजी विद्यार्थी.’ म्हणाला, “मावशी, बालवाडीचे कुठं माजी विद्यार्थी असतात होय? मार्कलिस्ट तरी हाय का तुझ्याकडं?”

मार्कलिस्ट नाही. दाखला नाही. पुरावा म्हणाल तर एक फोटो आहे, तोही एका मैत्रिणीच्या आईच्या शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांच्या खाली सापडलेला. सतरा पोरं, दोन बायका आणि एक लाकडी घोडा. सतरांतली निम्मी रडताहेत. त्यातली मी कोणती यावर ग्रुपवर दोन दिवस वाद चालला. माझं म्हणणं, घोड्यावर बसलीय ती मी. बाकी सगळ्यांचं मत पडलं की घोडा मिळवण्याइतकी दांडगी मी कधीच नव्हते. मी ती कोपऱ्यातली, फ्रॉकला नाक पुसणारी. असो.

कोल्हापुरात शुक्रवार पेठेतून पंचगंगेकडं उतरताना एक बोळ लागतो. त्या बोळात, तालमीच्या पाठीमागं ती खोली. दोन खणांची, वर मंगलोरी कौलं, खाली शहाबादी फरशी, पुढं चार खाटा मावतील एवढं अंगण. तालमीनं जागा दिली, पेठेतल्या बायकांच्या मंडळानं बालवाडी काढली आणि सत्तरच्या दशकात आम्ही तिथं ‘शिकलो’. पुढं त्याच खोलीत सरकारी अंगणवाडी भरू लागली. आता सकाळी अंगणवाडी असते, आणि दुपारी धुण्याभांड्याला जाणाऱ्या बायकांची पोरं तिथंच सतरंजीवर झोपतात. हे दुपारचं कुठल्याही कागदावर नाही. गल्लीनं आपापसात ठरवलेलं आहे, आणि गल्लीचं ठरलेलं कागदावरच्यापेक्षा जास्त टिकतं असा माझा अनुभव आहे.

फोटोतल्या दोन बायकांपैकी एक बाई. दुसरी आत्ती. आजच्या भाषेत मदतनीस.

आत्तीचं काम सकाळी साडेनवाला सुरू व्हायचं. ती बोळाच्या तोंडाशी आली की घराघरातून पोरं गडप व्हायची. कुणी माळ्यावर, कुणी दाराच्या मागं, एकजण तर चुलीच्या लाकडांत लपायचा आणि काळा होऊन निघायचा. आत्ती कुणाला ओरडली नाही. कडेवर एक, बोटाला एक आणि मागं पदर धरून बाकीची शेपूट अशी तिची वरात निघायची. रडणाऱ्याला तिचं एक ठरलेलं वाक्य होतं: “रडायचं ते तितं जाऊन रड, सोबत मिळंल.” पन्नाशीत आल्यावर मला या वाक्याची किंमत कळली. तेव्हा मी फक्त आणखी जोरात रडायची.

फार नंतर वाचताना कळलं की आत्ती जे करत होती त्याला मोठा इतिहास आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा वाड्यावस्त्यांवरची पोरं शाळेकडं येईनात. मग शाळाच पोरांच्या अंगणात न्यायची, असं ठरलं. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या मातीतला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, आणि तो शब्द सरकारी पाटीवर गेला. आमच्या गावाला शिक्षणाचा अभिमान मोठा. १९१७ साली शाहू महाराजांनी सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण तो शाळेच्या वयाच्या पोरांसाठी. शेंबड्यांचं बघायला आत्ती होती. तिनं ताराबाईंचं नाव ऐकलं होतं की नाही कुणास ठाऊक. पोरं येत नाहीत तर आपण जायचं, एवढं तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

फेब्रुवारीत आत्ती गेली. रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या स्मशानभूमीत गेले, तर ओळखीचे चेहरे एकेक करत पुढं यायला लागले. कुणी कुणाला निरोप दिला नव्हता. कुणी बँकेतून निवृत्त झालेला, कुणाचं गूळ मार्केटात दुकान, एक उद्यमनगरात लेथ चालवतो, एक पुण्याहून रात्रीच्या गाडीनं आलेली. अकरा जण निघालो. परत येताना पाय आपसूक बोळात वळले.

खोलीला कुलूप होतं. गजांतून आत पाहिलं. लहानपणी त्याच गजांतून बाहेर पाहत असू, आई दिसते का म्हणून. आत भिंतीचे पोपडे फरशीवर पडलेले, कोपऱ्यात ओलीचा मोठा नकाशा, आणि कौलांतून उजेडाची तीन-चार भोकं. भिंतीवर आडव्या तीन रेघा, शेजारी खडूनं साल लिहिलेलं: २००५, २०१९, २०२१.

नदीकाठच्या पेठेतल्या माणसाला या रेघा समजावून सांगाव्या लागत नाहीत. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ फुटांवर गेलं की धोका. पावसाळ्यात आमच्याकडं जावयाच्या तब्येतीआधी पाण्याची पातळी विचारतात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये ती ५५ फुटांच्या पुढं गेली. ज्यांना जमलं ते पेठ सोडून उंचावर राहायला गेले. त्यात मीही. माझ्या फ्लॅटमधून आता पाऊस छान दिसतो.

खोली जागीच राहिली.

तर त्या दिवशी चहाच्या गाड्यावर ठरलं की आपण ही दुरुस्त करायची. ग्रुप निघाला. अकराचे तेवीस झाले. पैसे जमले, आणि पैशांच्याही आधी फ्लेक्स तयार झाला. कोल्हापुरात फ्लेक्सशिवाय कुत्र्याच्या पिलाचंही बारसं होत नाही, त्यामुळं मला नवल वाटलं नाही. दहा बाय सहाचा, वर आत्तीचा फोटो, खाली आमचे तेवीस गोल चेहरे आणि ‘माजी विद्यार्थ्यांच्या सौजन्याने’. माझा चेहरा उजवीकडून तिसरा. चष्म्यात कॅमेऱ्याचा उजेड पडलेला.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता सगळे हजर. डोक्याला रुमाल, हातात खराटे, आणि अर्ध्या लोकांच्या पायांत नव्या कोऱ्या चपला. योजना अशी होती: सकाळी झाडलोट, दुपारी पुट्टी, संध्याकाळी रंग, रात्री तांबडा-पांढरा. एका दिवसात काम फत्ते.

आमच्या गल्लीतलाच एक म्हातारा गवंडी बघायला म्हणून आला होता. त्यानं थापीच्या मुठीनं भिंत वाजवून पाहिली. पोकळ आवाज आला. नखानं खरवडलं, बोटावर पांढरी भुकटी आली ती जिभेला लावली आणि थुंकला.

“लोणा धरलाय. पुट्टी मारलासा तर दिवाळीपतुर सगळी खाली.”

“मग दोन हात मारू की, काका. चांगल्या कंपनीची आणलीय.”

“धा हात मारा.” तो खाली बसला, तंबाखू मळायला लागला. मग हळूहळू सांगितलं ते असं: ही जुनी भिंत, विटा चुन्यात बसवलेल्या. कुठल्यातरी पुरानंतर कुणीतरी शहाणपणा करून तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला. पुराचं पाणी विटांत शिरलं ते बाहेर पडायला वाट नाही. ते आतल्या आत क्षार घेऊन फिरतं आणि मिळेल तिथनं गिलावा ढकलून वर येतं. “भित घाम टाकत्या ओ. तुमी तिला रेनकोट घातलायसा.”

उपाय एकच. सिमेंटचा गिलावा पुराच्या खुणेपर्यंत सगळा काढायचा, विटा उघड्या करायच्या, कोरड्या ब्रशनं मीठ झाडायचं, एप्रिल-मेचं ऊन नि वारा आत खेळू द्यायचा आणि मग चुन्याचा गिलावा, वर चुन्याचीच सफेदी. तोवर भिंतीला हात लावायचा नाही.

पाच आठवडे. मी सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होते. श्रमदानाला आलेल्या माणसाला थांबायला सांगणं म्हणजे जेवायला बसलेल्याच्या पुढून ताट ओढणं. पुण्याहून आलेलीनं तर परतीचं तिकीट काढलेलं. पण म्हाताऱ्यापुढं कुणाचं चाललं नाही. छिन्नी-हातोडे आले. दिवसभर आम्ही गिलावा फोडला आणि घमेल्यानं बाहेर टाकला. उद्यमनगरवाला सोडला तर दुपारपर्यंत सगळ्यांच्या हाताला फोड आले. निवृत्त बँकवाल्यानं ते फोड ग्रुपवर टाकले. सव्वीस अंगठे मिळाले. ग्रुपात माणसं तेवीस, अंगठे सव्वीस कसे, ते मला अजून कळलेलं नाही.

फोडण्यापूर्वी पुराच्या रेघांचा प्रश्न निघाला. गिलाव्याबरोबर त्या जाणार. आमच्यातल्या एकीला वाटलं, बरंच झालं, पोरांसमोर कशाला ती अशुभ खूण. तेव्हा आतापर्यंत दारात गप्प उभी असलेली सेविका पहिल्यांदा बोलली. “नको, ताई. त्या रेघेवरनंच मला कळतंय, रजिस्टरं कुठल्या फळीवर ठेवायची.” मग सुतारानं पारदर्शक नळीत पाणी भरून ती पातळी दाराच्या सागवानी चौकटीवर आणली आणि करवतीनं तीन खाचा मारल्या. २०२१ ची खाच सगळ्यांत वर आहे. माझ्या डोक्याच्याही वर.

दुपारी मिसळ आली. अंगणात पत्रावळ्या मांडून बसलो. सेविका आणि नवी मदतनीस वाढत होत्या, आम्ही कितीही म्हटलं तरी बसेनात. खोलीतलं सामान बाहेर काढून ठेवलेलं: वजनकाटा, खेळण्यांचं पोतं, सतरंज्यांची वळकटी. एका खिळ्याला टेपसारखी पट्टी लोंबत होती, लाल, पिवळी, हिरवी. बँकवाल्यानं ती उचलून गंमत म्हणून मनगटाला गुंडाळली. “मी हिरव्यात!”

“दंडाला लावायची असत्या ती, काका,” सेविका म्हणाली. “साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली दंड भरला की लाल. मग ते पोरगं दवाखान्यात न्यायचं.” आणि सहज, कट वाढता वाढता, “तुमची पोरं पण हितंच होती काय हो?”

तिच्या मनात काही नव्हतं. ती चार वर्षांपूर्वी इथं आलेली, तिला वाटलं असेल एवढं प्रेम आहे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या असतील. पण अंगणात एकदम फक्त पाव मोडल्याचा आवाज राहिला. मग एकानं सांगितलं की त्याची मुलगी सृजन आनंदला होती. लीलाताई पाटलांनी १९८५ साली काढलेली ती शाळा म्हणजे कोल्हापुरात सांगण्यासारखं उत्तर, आणि आमच्यात तेच त्यातल्या त्यात बरं होतं. पण तेही पहिलीपासूनचं. बालवाडीचं काय, ते त्यानंही सांगितलं नाही. कुणीतरी शेव मागितली.

माझी लेक राजारामपुरीतल्या एका इंग्रजी नर्सरीत होती. तिथं हत्तीच्या सोंडेची घसरगुंडी होती आणि गणवेशाला टाय. मी तेव्हा पेठेतच राहायची. जूनमधली सकाळ, आत्ती नेहमीसारखी दारात आली. केस पांढरे झालेले, पण वरात तीच, एक कडेवर, एक बोटाला. आईला म्हणाली, “नातीला धाडतायसा न्हवं?” आई पदराशी खेळत म्हणाली, “तिला इंग्लिशला घातलंय, आत्ती.” मी आतल्या खोलीत लेकीच्या केसांना क्लिपा लावत होते. बाहेर आले नाही. आत्ती म्हणाली, “बरं केलासा.” एवढंच. तिच्या आवाजात काही होतं का, हे मी गेली कित्येक वर्षं आठवून बघते. काहीही नव्हतं. ती खरंच म्हणाली होती बरं केलं म्हणून. मग ती पुढच्या दाराला गेली आणि पुढच्या दारातलं पोरगं नेहमीसारखं किंचाळलं.

आत्तीचं पहिलं वाक्य मी सगळ्यांना सांगते. हे दुसरं त्या दिवशी मिसळीच्या पत्रावळीवर परत आठवलं, आणि मी ते कुणालाच सांगितलं नाही.

मे महिन्यात दुसऱ्या फेरीला तेवीसपैकी नऊ आले. लग्नसराई होती, कुणाची गुडघेदुखी, कुणाला गिलावा फोडण्यातच समाधान मिळून गेलेलं. मी दोष देत नाही. मला स्वतःला सकाळी दोनदा गजर बंद करावासा वाटला. भिंत मात्र खडखडीत वाळली होती. म्हातारा हात फिरवून म्हणाला, “आता बोल म्हणाव.”

चुना भिजवायचं काम माझ्याकडं आलं. ड्रममध्ये कळीचा चुना, वर पाणी, आणि क्षणात ड्रम उकळायला लागला. लांब दांड्यानं ढवळायचं, तोंड बाजूला ठेवायचं. मुरल्यावर गाळायचा, त्यात डिंकाचं पाणी आणि नीळ. चुन्याचा तो वास नाकात गेला आणि दिवाळीच्या आधीचं आमचं जुनं घर उभं राहिलं. पण आठवणीत रमायला वेळ नव्हता, कारण फरशीवर सगळीकडं शितोडे उडायला लागले होते. काहीतरी अंथरायला हवं होतं. ताडपत्री कुणी आणलीच नव्हती. शेवटी कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेला फ्लेक्स पुढं आला. दोन मिनिटं सगळे एकमेकांकडं बघत राहिले. मग वरचा आत्तीच्या फोटोचा भाग कात्रीनं नीट कापून बाजूला ठेवला आणि उरलेला अंथरला. संध्याकाळपर्यंत आम्ही तेवीसही जण पांढरे झालो होतो. उजवीकडून तिसरी तर ओळखूच येत नव्हती.

भिंतीवर काय चित्रं काढायची यावर ग्रुपवर महिनाभर चर्चा झाली होती. मोटू-पतलू, झाडं, बाराखडी, शाहू महाराज. मी जुन्या बालवाडीसारखा मोर काढायचा हट्ट धरलेला. सेविकेला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्या दिवशी मीच विचारलं. ती आधी संकोचली. “काडा की, मोर चांगला दिसंल.” मग म्हणाली, “पण ताई, पैसे उरलं असलं तर तेवढा नळ खाली घ्या.”

मोरीवरचा नळ आमच्या कमरेच्या वर होता. कुणी बसवला, कधी, कोण जाणे. बसवणाऱ्यानं स्वतःचा हात पाहिला. त्यामुळं वीस पोरांचे हात धुवायचे तर मदतनिसानं वीस वेळा तांब्या ओतायचा. ती एकटी असली की एकच बादली भरून ठेवते आणि सगळी पोरं त्याच बादलीत हात बुडवतात. हात धुण्याचं चित्र भिंतीवर आहे, सरकारी, रंगीत. चित्रातला नळ पोराच्या उंचीचा आहे.

आणखी दोन गोष्टी तिनं सांगितल्या. दाराला आतून वर एक कडी, कारण मागच्या वर्षी एक पोरगं दुपारी उठून नदीच्या रस्त्याला लागलं होतं. संडासात एक दिवा, कारण अंधाराला घाबरून पोरं आत जात नाहीत आणि चड्डीत करतात. एवढंच. इतके दिवस या तीन गोष्टी तिच्याजवळ होत्या आणि आम्ही तिच्यासमोर मोराच्या पिसाऱ्यावर मतदान घेत होतो.

कडी बसली, दिवा लागला. मोर काढायचा राहिला, रंगाच्या पैशांत टाकी आणि पाइप आले. प्लंबर भिंतीपाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, “किती उंचीवर घेऊ?”

आम्ही नऊ जण, सगळे मिळून दोनशे-अडीचशे वर्षांचा संसार केलेले. एकजण म्हणाला दीड फूट. एकजण म्हणाला दोन. बँकवाल्यानं फोनवर शोधायला सुरुवात केली. सेविका अंगणात गेली आणि बोळात ठिकरीनं खेळणाऱ्या एका पोरीला हाताला धरून घेऊन आली. असेल चार वर्षांची. एका पायात चप्पल, तोंडात अर्धी पेप्सीची नळी, ओठ नारंगी झालेले.

“हितं उभी ऱ्हा. भितीला टेकून.”

पोरगी टेकली. भिंतीचा गारवा लागला तशी खुदकन हसली. सेविकेनं तिचा हात कोपरात वाकवला आणि रजिस्टरची पेन्सिल घेऊन त्याखाली खूण करायला गेली.

“टाचा खाली.”

पोरीनं टाचा खाली टेकवल्या. पेन्सिल जवळ आली तशा परत हळूच वर.

“टाचा खाली म्हटलं न्हवं?”

“मला म्होटं व्हयाचंय,” पोरगी म्हणाली.

“व्हशील की. आधी हात धुवायचं.”

तिसऱ्या वेळेला मी खाली वाकून तिचे दोन्ही घोटे धरून ठेवले. पायाला चुना लागला होता. पेन्सिलीची रेघ ओढली गेली, प्लंबरनं छिन्नी लावली, आणि पोरगी सुटल्या सुटल्या आमच्या तेवीस चेहऱ्यांवरून पळत बाहेर गेली.